क्लच प्लेटा नवीन टाकल्या तरी बाईक परत स्लिप मारतेय? गॅरेजला जायच्या आधी हे बघून घ्या

घाट लागला की इंजिन नुसतं बोंबलतं, गाडी काय वर ओढत नाही. गॅरेजवाला म्हणतो प्लेट गेली, नवीन सेट टाकला, थोडे महिने मस्त चालली आणि परत तेच रडगाणं. ही तक्रार मी इतक्यांदा ऐकलीय की माणूस गाडी स्टँडला लावायच्या आत माझा हात क्लचच्या लिव्हरकडे जातो. वाई भागात गाड्यांचंच काम करतो, वर पसरणी घाट आणि हायवेला खंबाटकी, त्यामुळे क्लचचे पेशंट बारा महिने चालू असतात.

एक गोष्ट आधीच सांगतो. प्लेट जळालेली डोळ्याला दिसते म्हणून ती बदलली जाते, पण ती कशामुळे जळाली ते बघायला कोणाला वेळ नसतो, म्हणून नवीन पण जळते. आणि ते कारण बऱ्याच वेळा इंजिनच्या बाहेरच असतं, लिव्हर, वायर, ऑइल, नाहीतर आपला डावा हात. म्हणून खालचा क्रम फुकटापासून सुरू करून महागाकडे नेलाय, तो मोडू नका.

हे सगळं मुख्यतः १०० ते १६० सीसीच्या गिअरच्या बाईकसाठी आहे, म्हणजे स्प्लेंडर, शाईन, युनिकॉर्न, पल्सर वगैरे. स्कूटर आणि कारचं शेवटी थोडक्यात सांगतो, त्यांचा क्लच वेगळ्या जातीचा असतो.

आधी लक्षण नीट ओळखा

क्लचचे आजार दोनच प्रकारचे आणि ते एकमेकांच्या बरोब्बर उलटे. एक म्हणजे क्लच पकडत नाही, याला स्लिप म्हणतात. दुसरा म्हणजे क्लच सोडत नाही, याला ड्रॅग. लोक दोन्हीला "क्लचचा प्रॉब्लेम" म्हणतात आणि स्लिपचा इलाज ड्रॅगला करून बसतात, मग गाडी आणखी बिघडते.

स्लिपची लक्षणं:
- रेस वाढवली की आवाज वाढतो, स्पीड वाढत नाही. आधी टॉप गिअरला आणि चढाला कळतं, नंतर सपाटीला पण
- डबलसीट किंवा लोड असला की जास्त
- मायलेज उतरतं
- जास्त झालं तर जळका वास, आणि बदलताना निघालेल्या ऑइललाही तोच वास

ड्रॅगची लक्षणं:
- सिग्नलला उभं असताना न्यूट्रल लागता लागत नाही
- पहिला गिअर टाकताना जोरात "खट्ट" आणि गाडी पुढे उडी मारते
- क्लच पूर्ण दाबलाय तरी गाडी हळूहळू पुढे सरकते, नाहीतर बंद पडते
- गिअर टाकताना पायाला जोर लावावा लागतो

सकाळी थंड गाडीला पहिल्यांदा गिअर टाकताना होणारी "खट्ट" मात्र यात धरू नका. रात्रभरात ऑइल घट्ट झालेलं असतं, प्लेटा एकमेकींना चिकटलेल्या असतात. स्टार्ट करायच्या आधी गिअरमध्ये टाकून क्लच दाबा, गाडी दोन-तीनदा मागे-पुढे ढकला, प्लेटा सुटतात. आमच्याकडे थंडीत रोज सकाळी हे विचारायला एकतरी फोन असतोच.

अजून एक घोळ. "गाडी ओढत नाही" याचा अर्थ दर वेळी क्लच असा नाही. रेस वाढतेय पण स्पीड वाढत नाही, तर क्लच. रेसच वाढत नाहीये, इंजिन दबून चालतंय, तर एअर फिल्टर, प्लग, पेट्रोल किंवा ब्रेक जाम, तिकडे बघा. मागचा ब्रेक चिकटलेला असताना क्लच प्लेट बदललेल्या गाड्या माझ्याकडे आल्यात, चाक हाताने फिरवून बघितलं असतं तर मालकाचे पैसे वाचले असते.

आत काय चालतं, दोन मिनिटांत

बाईकमध्ये ओला, अनेक प्लेटांचा क्लच असतो. ओला म्हणजे इंजिन ऑइलमध्येच बुडून चालणारा. बाहेर एक हाऊसिंग, त्याला इंजिन फिरवतं. आत एक हब, तो गिअरबॉक्सला जोडलेला. खरखरीत अस्तराच्या प्लेटा हाऊसिंगच्या खाचांत अडकतात, साध्या लोखंडी प्लेटा हबवर बसतात, आणि त्या एकाआड एक रचलेल्या असतात. स्प्रिंगा ही सगळी चळत दाबून धरतात म्हणून इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र फिरतात. आपण लिव्हर दाबतो म्हणजे त्या स्प्रिंगांच्या विरुद्ध जोर लावून चळत सैल करतो, बास.

आता कामाची गोष्ट. लिव्हर हातात दोन-अडीच इंच हलते, पण आत प्रेशर प्लेट, म्हणजे स्प्रिंगांच्या जोराने चळत दाबणारी प्लेट, उघडते जेमतेम दोन-एक मिलिमीटर. आणि ते दोन मिलिमीटर चार-पाच प्लेटांच्या आठ-दहा बाजूंमध्ये वाटले जातात, म्हणजे एकेकीच्या वाट्याला ०.२ मिलिमीटरच्या आसपास फट. एवढ्याशा फटीवर सगळा खेळ आहे, म्हणून वायर जराशी ढिली झाली तरी न्यूट्रल लागत नाही आणि जराशी ताणलेली राहिली तर प्लेट जळते.

१. लिव्हरचा फ्री प्ले, खर्च शून्य

लिव्हरचं टोक एका बोटाने हलकंच ओढा. सुरुवातीला ती काही जोर न लागता हलते, मग वायर ताणली जाते आणि जड लागायला लागतं. ही जी मोकळी हालचाल ती फ्री प्ले. हिरो-होंडाच्या बहुतेक गाड्यांना टोकाशी १० ते २० मिमी सांगतात, काही कंपन्या लिव्हरच्या मुळाशी मोजायला लावतात आणि तिथे २-३ मिमी फट धरतात. पट्टी लावून मोजा, अंदाजाने नको.

प्ले अजिबात नसेल तर वायर कायम थोडी ओढलेली आहे, म्हणजे तुम्ही चोवीस तास क्लच किंचित दाबून गाडी चालवताय. स्प्रिंगांचा थोडा जोर वायरच खाऊन टाकते, प्लेटा घसरतात, तापतात, अस्तर काचेसारखं गुळगुळीत होतं आणि मग ते पकडतच नाही. प्ले फार असेल तर उलटं, लिव्हर पूर्ण दाबून पण आत चळत सुटत नाही, ड्रॅग.

आता यातली खरी गंमत, जी बऱ्याच मेकॅनिक लोकांनाही सांगावी लागते. वायर ताणून लांबली की फ्री प्ले वाढतो. पण प्लेटा झिजल्या की फ्री प्ले कमी होतो, कारण चळत पातळ होते, प्रेशर प्लेट सरकते आणि आतली यंत्रणा वायरच्या बाजूचं मोकळं अंतर खाऊन टाकते. म्हणजे तुम्ही ॲडजस्टरला हात लावलेला नाही आणि तरी प्ले आपोआप कमी होत चाललाय, तर प्लेटा संपत आल्यात असं समजा. प्ले वाढत चाललाय तर वायर. गाडी न उघडता एवढं निदान दुसऱ्या कशातून होत नाही, पण त्यासाठी महिन्यातून एकदा पट्टी लावायची सवय पाहिजे.

ॲडजस्ट करायला दोन जागा असतात. वरचा गोल नट लिव्हरपाशी, तो बारीकसारीक फरकासाठी. खालचा इंजिनपाशी, तो मोठ्या फरकासाठी. वरचा जवळजवळ पूर्ण आत घ्या, मग खालच्याने प्ले जुळवा आणि लॉकनट घट्ट करा. वरचा नट बाहेर बाहेर काढत नेऊन चार आट्यांवर लटकवलेला असतो, खड्ड्यात गाडी आदळली की निघून येतो, असं करू नका.

दुधाचा रतीब घालणारे एक काका होते, दोन्ही बाजूंना कॅन, रोज डोंगरावरच्या वाड्यांपासून खाली डेअरीपर्यंत. त्यांची प्लेट सारखी जायची आणि आधीच्या गॅरेजात दर वेळी नुसता सेट बदलून मिळायचा. बघितलं तर लिव्हरला केसाएवढाही प्ले नाही. विचारलं तर म्हणाले, "ढिली लिव्हर मला आवडत नाही, मी घरी गेलो की टाईट करून घेतो." नवीन प्लेटा टाकल्याच, कारण जुन्या संपल्या होत्या, पण वर प्ले ठेवून ॲडजस्टरच्या लॉकनटावर रंगाचा ठिपका मारून दिला आणि सांगितलं हा ठिपका हलला तर मला कळेल. तेव्हापासून काका येतात ते फक्त ऑइल बदलायला.

२. वायर, शे-दोनशेचं काम

क्लच वायर म्हणजे या सगळ्यातला सगळ्यात स्वस्त पार्ट आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित. लिव्हरमधून निपल, म्हणजे वायरच्या टोकाची धातूची गोळी, काढा आणि निपलच्या लगेच खालचा इंचभर भाग उजेडात धरून बघा. एकेक तार तुटून ब्रशसारखी बाहेर आलेली दिसली तर वायर बदला, त्यावर विचार करत बसू नका, ती तुम्हाला बरोब्बर घाटात सोडणार. तारा वर दिसत नसतील तरी लिव्हर हळू दाबताना हाताला "करकर" जाणवली, किंवा सोडल्यावर लिव्हर मंद गतीने परत येत असेल, तर आत गंज किंवा माती आहे.

लिव्हर मंद परत येणं हे पण स्लिपचंच कारण, हे लक्षात घ्या. तुम्ही सोडली, पण वायर पूर्ण परत गेलीच नाही. पावसाळा संपल्यावर अशा गाड्या रांगेने येतात.

वायर काढून उभी टांगा, वरच्या टोकाला पातळ ऑइलचे थेंब सोडत राहा, खालच्या टोकातून स्वच्छ ऑइल यायला लागलं की झालं. काही नव्या वायरींना आतून प्लास्टिकचं अस्तर असतं, त्यांना ऑइल लागत नाही, तिथे जाम झाली की नवीनच टाका. आणि ग्रीस वायरमध्ये भरू नका, ते माती धरून ठेवतं. ग्रीस लागतं ते लिव्हरच्या पिव्होट बोल्टला आणि निपलला.

बसवताना वायरचा मार्ग जुना होता तसाच ठेवा. बसवून झाल्यावर इंजिन चालू करून गाडी न्यूट्रलला ठेवा, हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे फिरवा, आणि दोन्ही टोकांना फ्री प्ले तपासा. एका बाजूला प्ले गायब होत असेल तर वायर कुठेतरी ताणली जातेय, टाकीखाली किंवा हेडलाईटमागे चुकीच्या बाजूने गेलीय. ॲक्सेसरीवाल्याने फॉग लाईट लावताना वायर इकडची तिकडे बांधली आणि तिथून क्लच बिघडला, असं पण होतं.

३. लिव्हर आणि इंजिनवरचा आर्म

लिव्हर वर-खाली हलवून बघा. पिव्होटचं, म्हणजे लिव्हर ज्या बोल्टवर फिरते त्याचं, भोक मोठं झालं असेल तर दाबण्यातला अर्धा प्रवास त्या ढिलाईतच जातो आणि आत क्लच सुटत नाही. नवीन लिव्हर आणि बोल्ट स्वस्तात येतो. गाडी पडून लिव्हर वाकली असेल, किंवा दिसायला भारी म्हणून बाहेरची छोटी लिव्हर लावली असेल, तर मूळ कंपनीची लावून परत तपासा, कारण छोट्या लिव्हरची ओढ कधी कमी पडते कधी जास्त.

खाली इंजिनवर वायर ज्या आर्मला जोडलेली असते तो हाताने हलवा. तो सोडला की स्प्रिंगने चटकन परत यायला हवा. चिखलाने जाम असेल तर धुवा, मुळाशी ऑइल सोडा. चिखलाच्या वाटेवर चालणाऱ्या गाड्यांना हे हमखास होतं.

४. ऑइल

इथे मी जरा जास्त बोलणार, कारण सर्व्हिसिंग केल्यावर दुसऱ्या दिवसापासून क्लच स्लिप होतोय अशी तक्रार असेल तर मी आधी ऑइलचा डबा मागतो.

बाईकचं ऑइल तीन कामं करतं, इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच, तिन्ही एकाच ऑइलमध्ये. कारमध्ये क्लच कोरडा आणि बाहेर असतो, म्हणून कारच्या ऑइलमध्ये घर्षण कमी करणारे पदार्थ घालतात, मायलेजसाठी. तेच ऑइल बाईकमध्ये गेलं की प्लेटांच्या अस्तरावर चढतं आणि प्लेटा निसटतात. म्हणून डब्यावर जेएएसओ एमए किंवा एमए२ लिहिलेलं बघायचं. हे जपानी मानक आहे, एमए म्हणजे ओल्या क्लचला चालेल, एमए२ म्हणजे त्यातही पकड जास्त. एमबी लिहिलं असेल तर ते कमी घर्षणाचं, गिअर नसलेल्या स्कूटरसाठी, ते बाईकमध्ये नको. ग्रेड म्हणजे १०डब्ल्यू-३० की २०डब्ल्यू-४० ते मॅन्युअलमध्ये सांगितलंय तेच, शेजाऱ्याची गाडी कशावर पळते त्यावरून नाही.

"मायलेज वाढवणारं", "इंजिन स्मूथ करणारं" म्हणून जी छोटी बाटली काउंटरवर ठेवलेली असते ती बाईकमध्ये ओतू नका. ट्रॅक्टरच्या डब्यात उरलेलं ऑइल पण नको, डब्यावर जेएएसओ दिसत नसेल तर विषय संपला.

चुकीचं ऑइल गेलंच असेल तर ते काढून बरोबर ऑइल टाका, थोडं चालवून परत एकदा बदला. प्लेटा जळायच्या आत हे केलं तर बऱ्याचदा पकड परत येते. नाही आली तर प्लेटा बदलाव्याच लागतात, त्या अस्तरात शिरलेलं निघत नाही.

लेव्हल पण बघा. गाडी सपाटीला, मेन स्टँडवर सरळ उभी, इंजिन थोडा वेळ चालवून बंद करा, दोन-तीन मिनिटं थांबा, काडी पुसून घाला. बऱ्याच गाड्यांत काडी आट्यात न फिरवता नुसती टेकवून बघायची असते, तुमच्या गाडीचं मॅन्युअलात बघा, नाहीतर रीडिंग चुकतं. ऑइल जास्त असेल तर ड्रॅग होतो, कमी असेल तर प्लेटांना थंडावा मिळत नाही. "थोडं जास्त टाकलंय, चांगलं असतं" असं म्हणणारा मेकॅनिक असेल तर त्याला जास्तीचं काढायला लावा.

जुन्या कास्ट आयर्न इंजिनच्या बुलेटवाल्यांनो, तुमच्या क्लचचं ऑइल प्राइमरी केसमध्ये वेगळं असतं, इंजिनचं बदललं म्हणजे ते बदललं असं नाही. आणि जुनी चेतक अजून जपून ठेवलेल्यांना हेच, तिच्यात इंजिनला पेट्रोलमधून टू-टी (टू-स्ट्रोकचं ऑइल) जातं आणि क्लच चालतो गिअर ऑइलमध्ये, ते कधी बदललंत आठवून बघा.

५. दोन चाचण्या, रस्त्यावरची आणि स्टँडवरची

वरचं सगळं ठीक केल्यावरच या करा.

स्लिपसाठी: मोकळा, सपाट, कोरडा रस्ता, इंजिन गरम. टॉप गिअरमध्ये ४० च्या आसपास चालवा आणि ॲक्सिलेटर एकदम पूर्ण उघडा. चांगल्या क्लचमध्ये गाडी हळूहळू वेग धरते आणि आवाज वेगाबरोबरच वाढतो. आरपीएम आधी उसळी मारतोय आणि वेग मागे राहतोय, तर स्लिप पक्की. ट्रॅफिकमध्ये हे करू नका, आणि मागे कोणाला बसवून तर नाहीच.

ड्रॅगसाठी: मेन स्टँडवर, पहिला गिअर, क्लच पूर्ण दाबलेला. मागचं चाक थोडं फिरतंच, ऑइलमुळे, घाबरू नका. मागचा ब्रेक हलका दाबा. चाक थांबलं आणि इंजिन चालू राहिलं तर ठीक. इंजिन बंद पडायला लागलं तर ड्रॅग आहे. चाकाजवळ हात, ओढणी, लुंगी, लहान मूल काही नको.

न्यूट्रलची तक्रार असेल तर अजून एक. इंजिन बंद करा आणि न्यूट्रल शोधा. बंद इंजिनला सहज लागतं आणि चालू इंजिनला लागत नाही, तर क्लच ड्रॅग. बंद इंजिनला गाडी मागे-पुढे हलवून पण लागत नाही, तर गिअर शिफ्टरकडे संशय, तिथे क्लचवर खर्च करून काही उपयोग नाही.

६. डावा हात

हे कोणाला ऐकायला आवडत नाही तरी लिहितो. चढाला ट्रॅफिक थांबला की ब्रेक न लावता अर्ध्या क्लचवर गाडी धरून ठेवणं, हे प्लेट जाळायचं सगळ्यात खात्रीचं साधन. अर्ध्या क्लचवर प्लेटा एकमेकींवर घासत असतात, आणि घाटात वाहतूक तुंबली की ते मिनिटांच्या मिनिटं चालतं. मागचा ब्रेक दाबून उभे राहा, निघतानाच क्लच सोडा. सिग्नलला जास्त वेळ असेल तर न्यूट्रल. गाडी चालू असताना दोन बोटं लिव्हरवर टेकवून ठेवायची सवय पण सोडा, दोन बोटांचं वजन फ्री प्ले खायला पुरतं.

आणि चढाला वरच्या गिअरमध्ये इंजिन रडवत क्लचने सांभाळून घेणं बंद करा. गिअर खाली टाका, इंजिनला चढू द्या, ते त्याचंच काम आहे.

७. आता उघडायचं

वरचं सगळं बरोबर आहे आणि स्लिप तरी आहे, तर झाकण काढावं लागणार. हाताशी चांगली हत्यारं असतील आणि आधी एकदा कोणाचं बघितलं असेल तरच.

बहुतेक भारतीय बाईकला क्लच उजव्या बाजूच्या झाकणाखाली असतो. ऑइल काढून घ्या, किक आणि फूटरेस्ट काढा, आर्मची वायर सोडा. झाकणाचे बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात, पुठ्ठ्यावर झाकणाचा आकार काढून ज्या जागेचा बोल्ट त्या जागेवर टोचून ठेवा. लांब बोल्ट आखूड जागी घुसवून केस फोडलेली गाडी दुरुस्त करणं प्लेटांपेक्षा कितीतरी महाग पडतं.

काही गाड्यांत स्प्रिंगचे चार-पाच बोल्ट काढले की प्लेटा हातात येतात. काहींत मधला सेंटर नट काढल्याशिवाय काहीच निघत नाही. सेंटर नट असेल आणि त्याचा खास सॉकेट आणि हाऊसिंग धरायचं होल्डर तुमच्याकडे नसेल, तर इथेच थांबा. छिन्नी-हातोडीने तो नट फिरवणारे खूप आहेत, नटाच्या खाचा चिरडतात, लोखंडाचा कीस ऑइलमध्ये जातो, आणि पुढच्या वेळी तो नट कोणालाच निघत नाही.

प्लेटा निघाल्या की काय बघायचं:

अस्तराच्या प्लेटा काळ्या, चकचकीत, जळक्या वासाच्या असतील तर गेल्या. नाहीतर कॅलिपरने जाडी मोजा. नवीन साधारण ३ मिमीच्या आसपास असते आणि ०.३ मिमीभर झिजली की बऱ्याच गाड्यांत लिमिट येते, नेमका आकडा तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलचा घ्या. एक खराब असली तरी पूर्ण सेट बदला.

लोखंडी प्लेटांवर निळे-जांभळे डाग म्हणजे तापल्यात. काचेवर सपाट ठेवा आणि खालून फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) सरकवून बघा. ०.२ मिमीची पट्टी खालून जात असेल तर प्लेट वाकलीय. वर सांगितलेली फट आठवा, एका बाजूला ०.२ मिमीच मिळतेय आणि प्लेटच तेवढी वाकडी असेल तर ती सुटणार कुठून. गॅरेजात फक्त अस्तराच्या प्लेटा बदलतात आणि या वाकलेल्या जुन्या लोखंडी प्लेटा परत घालतात, प्रॉब्लेम परत यायचं हे एक मोठं कारण.

स्प्रिंगा. जुनी आणि नवीन शेजारी उभी करा. जुनी बुटकी दिसली तर सगळ्या बदला. एकदा जबर तापलेल्या क्लचच्या स्प्रिंगा मी परत वापरतच नाही, त्यांची किंमत प्लेटांच्या मानाने किरकोळ आहे आणि त्या वाचवून कोणी श्रीमंत झालेला नाही.

आणि हाऊसिंगच्या बोटांवर नख फिरवा. हे कधीच चुकवू नका. अस्तराच्या प्लेटांचे कान ज्या खाचांत बसतात त्या खाचांच्या कडेला प्लेटा वर्षानुवर्षे ठोकून ठोकून छोटे दात पाडतात, सरळ कडेला पायऱ्या पडल्यासारख्या. डोळ्याला ऑइलमुळे नीट दिसत नाही पण नख प्रत्येक पायरीला अडकतं. क्लच दाबल्यावर प्लेटांना बाहेर सरकायचं असतं, त्या या दातांत अडकून बसतात, म्हणून नवीन प्लेटा टाकूनही न्यूट्रल लागत नाही आणि सोडताना गाडी धक्के मारत निघते. दात उथळ असतील तर बारीक कानसने कड साफ करता येते, पण सगळ्या बोटांवर सारखी, एकाच बोटावर घासत बसू नका. खोल असतील तर हाऊसिंग बदला. हबच्या खाचांवर पण हेच बघा.

बसवताना: नवीन अस्तराच्या प्लेटा ऑइलमध्ये बुडवून ठेवा, शक्य तर रात्रभर, कोरड्या टाकल्या तर पहिल्याच फेरीत जळतात. लोखंडी प्लेटेची एक कड धारदार आणि एक गोलसर असते, सगळ्या एकाच तोंडाने बसवा. स्प्रिंगचे बोल्ट समोरासमोर, थोडे थोडे, टॉर्कने, म्हणजे टॉर्क पान्याने मॅन्युअलात दिलेल्या जोराइतकेच आवळा. हे बोल्ट बारीक आणि त्यांचे खांब ॲल्युमिनियमचे, ताकद दाखवली की खांब तुटतो आणि हब गेला. जुना गॅस्केट पूर्ण खरवडा, तुकडे आत पडू देऊ नका. शेवटी नवीन ऑइल, आणि फ्री प्ले शून्यापासून परत जुळवा, जुन्या सेटिंगवर सोडून दिलं तर वरचा पहिला मुद्दा परत सुरू.

इथे थांबा आणि चांगल्या माणसाकडे द्या

न्यूट्रलला खडखड आवाज येतोय आणि क्लच दाबला की बंद होतोय, तर हाऊसिंगचे रिव्हेट किंवा रबर ढिले, नाहीतर गिअरबॉक्सचं बेअरिंग. क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होतो, तर लिफ्टरचं, म्हणजे प्रेशर प्लेट ढकलणाऱ्या भागाचं, बेअरिंग. ऑइलमध्ये लोखंडाचे कण चमकतायत. गिअर आपोआप निसटतोय. झाकण परत बसवल्यावर ऑइल गळतंय. आणि स्लिपर क्लचच्या (गिअर झटकन खाली टाकला तरी मागचं चाक लॉक होऊ नये म्हणून आपोआप थोडा सुटणारा क्लच) गाड्या, म्हणजे ड्यूक ३९०, डॉमिनार ४००, नवीन आर१५ अशा, त्यांच्या हबवर उतार कापलेले असतात आणि त्यांची मांडणी वेगळी, ते स्प्लेंडरच्या अनुभवावर उघडू नका. वॉरंटीत असलेली गाडी तर झाकणाला हात न लावता सर्व्हिस सेंटरला न्या.

स्कूटर

ॲक्टिव्हा वगैरेत लिव्हर ओढायची नसते, वेग वाढला की क्लचचे शू फिरण्याच्या जोराने बाहेर फेकले जातात आणि बेलला पकडतात. तिथे आधी दिसतं ते निघताना थरथरणं. डावीकडचं झाकण, बेल आणि शूवरची धूळ, गुळगुळीत झालेले शू, झिजलेला बेल्ट, याच क्रमाने बघा. शूला ऑइल लागलेलं दिसलं तर ऑइल सील गळतंय, ते न बदलता शू बदलू नका. बेलचा नट आणि शूची दाबलेली मोठी स्प्रिंग घरी उघडायची नाही, ती उडाली तर तोंडावर येते.

कार

कारमध्ये कोरडा, एका डिस्कचा क्लच, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधे. घरी तपासायचं एवढंच: सपाट मोकळ्या जागेत हँडब्रेक घट्ट ओढा, उजवा पाय ब्रेकवर, इंजिन चालू, तिसरा गिअर, आणि क्लच हळू सोडा. इंजिन लगेच बंद पडायला हवं. चालूच राहिलं तर स्लिप. एकदाच करा, सारखं करून आहे तो क्लच पण जळेल. त्यानंतर वायरच्या क्लचमध्ये वायरचं ॲडजस्टमेंट, आणि हायड्रॉलिक असेल तर क्लच फ्लुइडची लेव्हल बघायची. बऱ्याच गाड्यांत हे ब्रेकचंच फ्लुइड असतं, डॉट ३ की डॉट ४ ते झाकणावर लिहिलेलं असतं. लेव्हल सारखी उतरत असेल किंवा पेडल तळाला जाऊन राहत असेल तर सिलिंडर गळतोय, गाडी चालवू नका, मेकॅनिक घरी बोलवा.

त्यापुढे गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो, ते काम जॅक आणि दोन मित्रांवर करायचं नाही. पण मेकॅनिकला सांगताना डिस्क, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही एकदम बदलायला सांगा आणि फ्लायव्हीलचा पृष्ठभाग तपासून दाखवायला सांगा. मजुरी सगळी गिअरबॉक्स उतरवण्याचीच असते, बेअरिंग वाचवलं आणि ते थोड्या महिन्यांत ओरडायला लागलं की तीच मजुरी परत.

एएमटी गाडीत, म्हणजे क्लच पेडल नसलेल्या, गिअर आपोआप बदलणाऱ्या गाडीत, पण आत हाच कोरडा क्लच असतो, फक्त पाय तुमचा नसून ॲक्चुएटरचा, म्हणजे क्लच दाबणाऱ्या यंत्राचा. म्हणून चढाला ॲक्सिलेटरवर गाडी धरून ठेवली तर एएमटीची डिस्क पण तशीच जळते. ॲक्चुएटर आणि ड्युअल क्लचचं सेटिंग कॉम्प्युटर लावून करावं लागतं, त्याला पान्याने हात लावू नका.

तुमच्या गाडीचं विचारायचं असेल तर मॉडेल, किलोमीटर, लिव्हरच्या टोकाशी मोजलेला फ्री प्ले आणि ऑइलच्या डब्याचा मागच्या बाजूचा फोटो, एवढं टाका. "क्लच खराब आहे काय करू" एवढंच लिहिलंत तर मी पण प्लेट बदला एवढंच सांगू शकतो.